लग्नाआधी लिपोसक्शन: पीसीओएस आणि थायरॉइड असलेल्या एका मुलीचं प्रकरण

फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस ती आईला घेऊन आली ती फिटनेस सर्टिफिकेटसाठी. वय २७, चोपडा तालुक्यातल्या केळीबागायतदाराची मुलगी, जळगावात एका पतसंस्थेत नोकरी. लग्न ठरलेलं, मुहूर्त मे महिन्यातला, आखाजी (अक्षय्य तृतीया) उलटल्यावर. सुरतेच्या आत्याने तिथल्या एका क्लिनिकचा पत्ता दिला होता. पोट आणि कंबरेच्या लिपोसक्शनची (नळीने चरबी ओढून काढण्याच्या ऑपरेशनची) मार्चअखेरची तारीख घेतलेली, वीस हजार आगाऊ भरलेले. भूल द्यायची म्हणून फिजिशियनचा कागद लागतो, तेवढाच राहिला होता. (तिच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

एरवी असा कागद द्यायला फार वेळ लागत नाही. ईसीजी, रक्त, साखर, बीपी, छातीला स्टेथोस्कोप, सही. हिच्या बाबतीत तो कागद मी दिला, पण पावणेदोन वर्षांनी, आणि दुसऱ्याच ऑपरेशनसाठी.

फाइलमध्ये काय होतं

वजन ८१ किलो, उंची १५७ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय ३२.९. आपल्याकडे २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. कंबर ९८ सेंटिमीटर. बायकांसाठी मर्यादा ८०. बीपी १३६/८८. एकोणिसाव्या वर्षापासून पाळीच्या गोळ्या कधी चालू, कधी बंद. बंद असल्या की पाळी दोन-अडीच महिन्यांनी. हनुवटीवरचे केस दर आठवड्याला पार्लरमध्ये काढायचे. मानेमागे मखमलीसारखा जाड काळपट पट्टा. तो मळ समजून ती बेसन-लिंबाने घासत आली होती, आणि पार्लरवालीने त्यावर एक क्रीमही विकलं होतं. तो मळ नसतो. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं की मान, काखा, कोपर अशा जागी कातडी अशी होते.

सोनोग्राफीत अंडाशयांवर बारीक फोडांची माळ आणि यकृतात दुसऱ्या दर्जाची चरबी. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ हा तो उंबरठा). यकृताला त्रास झाला की वाढणारं एसजीपीटी ६२. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चार वर्षांपासून चालू, तरी टीएसएच ११.८ (हा आकडा वाढलेला म्हणजे थायरॉइड कमी पडतंय).

पीसीओएस म्हणजे अंडाशयाच्या हार्मोन्सचा बिघाड. त्याचं निदान २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांवर करतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची लक्षणं किंवा तशी रक्ततपासणी, आणि सोनोग्राफीतलं चित्र. तिन्हीपैकी दोन हवेत, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरी कारणं वगळलेली हवीत. हिच्यात तिन्ही होते. थायरॉइड मात्र कुणी धड वगळलेलंही नव्हतं आणि धड सांभाळलेलंही नव्हतं.

तिचं म्हणणं असं: "मॅडम, माझं वजन हार्मोन्सचं आहे. डाएट करून उतरत नाही, सगळं करून बघितलं. मग सरळ काढूनच टाकू ना."

यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, आणि ते तिला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. घरात तिला आळशी ठरवून झालं होतं. पीसीओएसमध्ये इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, स्वादुपिंड ते जास्त बनवतं, ते वाढीव इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं आणि चरबी पोटाकडे साठते. वजन वाढलं की हे चक्र आणखी जोरात फिरतं. गडबड आहे ती "म्हणून काढून टाकू" या उडीत. ज्या चरबीमुळे हे सगळं चाललंय, ती लिपोसक्शनच्या नळीला सापडतच नाही.

तपासणीच्या टेबलावर

तिला उताणी झोपवलं. पोटाची कातडी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरली, तर बेंबीखाली आणि दोन्ही कुशींना जाड वळी हातात आली. ही कातडीखालची चरबी. बेंबीच्या वर मात्र चिमटीत फारसं काही येईना, आणि तरी पोट गोल, टणक, झोपल्यावरही खाली न बसलेलं. तो फुगवटा पोटाच्या स्नायूंच्या आतला: आतड्यांभोवती, यकृताभोवती साठलेली चरबी. लिपोसक्शनची नळी स्नायूंच्या बाहेरच फिरते. ती आत गेली तर तो अपघात असतो, कारण आतडं फाटू शकतं.

दुसऱ्या भेटीला वडील आले. त्यांना हे समजवायला मला शब्द शोधावे लागले नाहीत. ते आपणहून म्हणाले, "म्हणजे खोडाची वरची सोपटं काढायची आणि गाभा तसाच." केळीवाल्याला आणखी काय सांगणार!

याचा पुरावाही चांगला आहे. २००४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसचा एक अभ्यास आला. लठ्ठपणा असलेल्या १५ बायका, त्यातल्या ७ जणींना मधुमेह. पोटाचं मोठं लिपोसक्शन करून प्रत्येकीची सरासरी नऊ-दहा किलो चरबी काढली. दहा ते बारा आठवड्यांनी मोजलं तर इन्सुलिनला मिळणारी दाद, साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, सूज दाखवणाऱ्या तपासण्या, कशातच फरक नाही. तेवढंच वजन खाण्यात बदल करून उतरलं असतं तर यातलं बरंच सुधारलं असतं, कारण मग चरबी आतूनही जाते. अभ्यास लहान होता, पण त्यातून निघालेलं उत्तर स्वच्छ होतं.

तिला मी हेच विचारलं, "पोट आत गेलेलं हवंय, की पाळी, साखर, हनुवटीचे केस हे सुधारायला हवंय?" ती म्हणाली, दोन्ही. क्लिनिकच्या माहितीपत्रकातही दोन्हीचं आश्वासन होतं. 'हार्मोनल फॅटवर कायमचा उपाय' असं त्यात छापलं होतं. माझ्या मते आख्ख्या पत्रकात हे सगळ्यात खोटं वाक्य.

सही का केली नाही

पहिलं कारण पाळीच्या गोळीचं. ती घेत होती त्या गोळीत इस्ट्रोजेन होतं, आणि सोबतचं दुसरं औषध केस-मुरुमांवर गुणकारी पण रक्ताच्या गाठीचा धोका वाढवणारं. त्यात लठ्ठपणा, त्यात भूल आणि ऑपरेशन, आणि नंतर दोन-तीन दिवसांत सुरतेहून जळगावपर्यंत तीनशेच्या घरातले किलोमीटर गाडीत बसून. पायातल्या शिरेत गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं, हे लिपोसक्शननंतरच्या मृत्यूंचं एक मोठं कारण आहे. गोळी चालू आहे हे क्लिनिकच्या फॉर्मवर तिने लिहिलंच नव्हतं. "ती काय आजाराची गोळी नाही ना," असं तिला वाटलं. पाळीची गोळी औषधांत न मोजणं हे मी जवळजवळ रोज बघते.

दुसरं कारण माहितीपत्रकातल्या एका ओळीचं: सहा लिटरपर्यंत, त्याच दिवशी घरी. अमेरिकन प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेचा सल्ला असा की पाच लिटरच्या वर काढायचं असेल तर ते रुग्णालयातच करावं आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवावं. शरीरातल्या पाण्याचा समतोल त्यात भराभर बदलतो. मे २०२२ मध्ये बंगळुरूत एका तरुण कन्नड अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या ऑपरेशननंतर मृत्यू झाला होता. आईला ती बातमी आठवत होती, पण आपल्या मुलीचं 'ते लेझरचं' असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. लेझर असो की अल्ट्रासाउंड, नळी घालून चरबी ओढायची असेल तर ते ऑपरेशनच.

आणि पाच लिटर चरबी म्हणजे किती? साडेचार किलो. नळीतून येतं त्यात आधी टोचलेलं पाणी आणि रक्तही असतं, म्हणजे त्याहून कमीच. तिच्या मनात ८१ चे ७० होणार होते.

तिसरं थायरॉइड. टीएसएच ११.८ असताना हौसेचं ऑपरेशन करायची घाई कुणी करू नये.

एक चौथी अडचण डॉक्टरकीच्या पुस्तकात नाही, ती इथली आहे. लिपोसक्शननंतर चार-सहा आठवडे घट्ट दाबपट्ट्याचा पोशाख जवळपास चोवीस तास घालावा लागतो. मार्चअखेरीला ऑपरेशन म्हणजे आख्खा एप्रिल तो अंगावर. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो. त्यात बस्ता, केळवणं, हळद. घामोळं आणि चिघळलेल्या टाक्यांचा विचार आत्याने केला नव्हता.

आई गप्पच होती. शेवटी अहिराणीत म्हणाली, "लगीन मे महिनामा शे. आते काय करानं?" त्यावर माझ्याकडे लगेच काही उत्तर नव्हतं. लग्नाच्या फोटोंची चिंता खोटी नसते. साखरपुड्यात कुणीतरी 'पोरगी अंगाने भारी' म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं होतं. मी कागदावर लिहिलं: सध्या ऐच्छिक शस्त्रक्रियेस योग्य नाही, कारणं खालीलप्रमाणे. आगाऊ भरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

कॉर्टिसोलची भीती

क्लिनिकनेच सांगितलेल्या 'हार्मोन पॅकेज'मध्ये सकाळचं कॉर्टिसोल (ताणाचं हार्मोन) २९ आलं होतं, शेजारी ठळक अक्षरात 'जास्त'. भावाने मोबाइलवर शोधून कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसोल फार जास्त होण्याचा) काढला होता आणि घरात धावपळ उडाली होती.

शंका अगदीच बिनबुडाची नव्हती. कुशिंगमध्येही पोट सुटतं, बीपी-साखर वाढते, पाळी बिघडते. पण त्यातले ताणवण (कातडी ताणून पडलेले पट्टे) जांभळे, बोटभर रुंद असतात; हिचे फिकट आणि बारीक होते. कातडी पातळ नव्हती, सहज काळंनिळं पडत नव्हतं, उकिडवं बसून हात न टेकता ती उठत होती. कॉर्टिसोल जास्त दिसलं ते पाळीच्या गोळीमुळे: इस्ट्रोजेनने कॉर्टिसोल वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि एकूण आकडा फुगतो. सांधेदुखीच्या पुड्या, दम्याचा पंप, गोरं करणारी क्रीमं यांतून स्टेरॉइड जातंय का, हेही विचारलं. आपल्या भागात हा प्रश्न विसरून चालत नाही. पार्लरच्या क्रीमची ट्यूब मागवून बघितली, नशिबाने त्यात नव्हतं. गोळी बंद करून सहा आठवडे थांबलो, मग रात्री अकराला डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम (निरोगी शरीरात या स्टेरॉइडने कॉर्टिसोल दबतं), सकाळी आठला रक्त. कॉर्टिसोल १.१. ते १.८ च्या खाली आलं की कुशिंगचा विषय मिटतो.

पायही बघितले होते, एका वेगळ्या कारणासाठी. लिपेडिमा नावाच्या आजारात मांड्या-पोटऱ्यांवर दुखरी चरबी साठते, हात लावला तरी दुखतं, काळंनिळं पडतं आणि पावलं मात्र बारीकच राहतात. घोट्यावर कड दिसते. तो वयात येताना किंवा बाळंतपणात सुरू होतो, आणि त्यात लिपोसक्शन हा खराखुरा उपचार आहे. जर्मनीत २०२० पासून त्याच्या तिसऱ्या टप्प्यासाठी सरकारी विमा ते खर्च देऊ लागला. हिला तो असता तर माझं उत्तर वेगळं आलं असतं. नव्हता.

मग केलं काय

थायरॉइडचा डोस वाढवायच्या आधी विचारलं, गोळी घेतेस कशी? चहासोबत, आणि लोहाची गोळी त्याच घोटात. चार वर्षं हेच. लोह आणि कॅल्शियम त्या गोळीला आतड्यात शोषूच देत नाहीत. चार तासांचं अंतर लागतं. सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्यासोबत थायरॉइडची, तासाभराने चहा, लोह रात्री. आठ आठवड्यांनी तोच डोस, टीएसएच ३.६. वजनात याचा वाटा दोन-तीन किलोंचा. थायरॉइड कमी असल्याने वाढणारं वजन साधारण तेवढंच असतं, आणि तेही बहुतेक मीठ-पाण्याचं. 'थायरॉइड आहे म्हणून वीस किलो वाढले' असं म्हणणाऱ्यांना हे आवडत नाही.

साखरेसाठी मेटफॉर्मिन, ५०० पासून जेवणासोबत हळूहळू वाढवत. पहिले दहा दिवस पोट बिघडलं, मग सावरलं. पाळी नव्वद दिवसांत आली नाही तर प्रोजेस्टेरॉन देऊन आणायची, कारण अस्तर साचत राहणं गर्भाशयाला चांगलं नाही. आणि लग्न तोंडावर होतं, तेव्हा हेही स्पष्ट बोललो: गोळी बंद आहे, मेटफॉर्मिनने बीजनिर्मिती परत सुरू होऊ शकते, दिवस राहू द्यायचे नसतील तर दुसरा उपाय हवा. हे ऐकताना आईने खिडकीकडे बघितलं, मुलीने नीट ऐकलं.

खाण्याचं मात्र लांबलं. आधीच्या एका डाएटवालीने तिला केळं बंद केलं होतं आणि वडिलांना तो अपमान वाटला होता. मी केळं चालू केलं, दिवसाला एक. वेफर बंद केले, तेही घरच्याच केळीचे. तिचा दिवस लिहून काढला तर सकाळी काहीच नाही, अकराला चहा-खारी, संध्याकाळी पाचला कचोरी, रात्री शेवभाजी. उपाशी राहणं आणि तुटून पडणं, दोन्ही एकाच दिवसात. महागड्या ओट्सची गरज नव्हती. दादरची (रब्बी ज्वारीची) किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, डाळगंडोरी, मटकी, अंडी हे घरात होतंच, फक्त ते म्हातारीकोतारीचं जेवण समजलं जात होतं. भरीतही सुचवलं, तेलाची धार सोडून. (जळगावात भरितावर तेल कमी घाला म्हणणारा डॉक्टर फार दिवस टिकत नाही, त्यामुळे हे मी हळू आवाजात सांगते.) सकाळी मेहरुण तलावावर चालणं आणि आठवड्यातून दोनदा घरीच ताकदीचा व्यायाम.

लग्नात वजन ७७.५ होतं. शालूचं ब्लाउज शिंप्याने नीट बेतून शिवलं. फोटो मी पाहिले. छान दिसत होती.

दीड वर्षाने

नोव्हेंबर २०२४ मध्ये ती नवऱ्यासोबत आली. वजन ७३, सहा-सात महिने तिथेच स्थिर. सुरुवातीच्या वजनाच्या जवळपास दहा टक्के कमी, आणि एवढ्यावरही पीसीओएसमध्ये खूप फरक पडतो: पाळी ३५-३८ दिवसांनी, एचबीए१सी ५.६, एसजीपीटी ३४, कंबर ८९, बीपी १२४/८०. मानेचा पट्टा फिका पडलेला. हनुवटीचे केस कमी, पण होते.

बेंबीखालची आणि कुशींवरची वळी तशीच होती. "आता तरी करू का?" तिने विचारलं.

माझं मत होतं की मूल होऊ द्यावं, मग बघावं. गरोदरपणात पोटाची कातडी आणि स्नायू ताणले जातात, आधी केलेलं काम त्यात बिघडू शकतं. तिचं मत वेगळं होतं. मूल वर्षभर तरी नको होतं, पैसे स्वतःचे होते, आणि काय मिळणार, काय नाही हे तिला आता माझ्याइतकंच माहीत होतं. "साखरेसाठी नाही करत आहे मॅडम, कुर्त्यासाठी करतेय," ती म्हणाली. याहून स्वच्छ संमती मी क्वचित ऐकली आहे. विमा मिळणार नव्हता. रूप सुधारण्याच्या शस्त्रक्रिया मेडिक्लेममध्ये बसत नाहीत. आणि वजन घटवण्याचं पोटाचं ऑपरेशन बसायला बीएमआय ४०, किंवा ठरावीक गंभीर आजारांसह ३५ लागतो.

या वेळी ती नाशिकला गेली, एमसीएच प्लास्टिक सर्जनकडे, जिथे आयसीयू आहे आणि भूलतज्ज्ञ पूर्णवेळ हजर असतो अशा रुग्णालयात. नोंदणी तिने महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर स्वतः तपासली. रक्ताच्या गाठीचा धोका सर्जनने कॅप्रिनीच्या गुणपद्धतीने मोजला. फिटनेसवर मी सही केली. डिसेंबरमध्ये कुशी आणि खालचं पोट मिळून २.४ लिटर काढलं, रात्रभर ठेवलं, संध्याकाळीच चालवलं. दाबपट्टा थंडीच्या दिवसांत निभला. काट्यावर सूज उतरल्यावर जेमतेम दीड किलो फरक. डाव्या कुशीवर हाताला लागतो असा हलका खळगा राहिला, खालच्या पोटाला काही महिने बधिरपणा होता. ती खूश आहे. तीन महिन्यांनी एचबीए१सी ५.६, पाळी ३६ दिवसांची. दोन्ही होतं तिथेच.

२०२५ च्या दिवाळीनंतर आली तेव्हा तीन किलो वाढले होते. ऑफिसात मार्चपासून कामाचा रेटा, चालणं सुटलेलं. कुर्ता कमरेला बसत होता, पण बेंबीच्या वर पोट पुन्हा गोल दिसत होतं. कोलोराडोच्या २०११ च्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं: वर्षभरात चरबी परत आली, पण काढलेल्या मांड्यांवर नाही, मुख्यतः पोटावर. ब्राझीलमध्ये २०१२ साली ३६ बायकांवर झालेल्या अभ्यासात लिपोसक्शननंतर सहा महिन्यांत आतली चरबी वाढली, आणि ज्यांनी व्यायाम केला त्यांची वाढली नाही. तिला हे मी ऑपरेशनआधी सांगितलं होतं. तिला ते आठवत होतं, वेळ मात्र मिळाला नव्हता.

तिने वजन उतरवणाऱ्या टिरझेपटाइडच्या इंजेक्शनबद्दल विचारलं. ते मार्च २०२५ मध्ये भारतात आलं आणि तिच्या ऑफिसात दोघी घेतात. वजनावर ते खरंच काम करतं. पण आता त्यांना मूल हवं आहे, आणि गरोदरपणात हे औषध चालत नाही, आधीच थांबवावं लागतं. म्हणून सध्या नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करायची साखरेची तपासणी लिहून दिली आहे, टीएसएच २.५ च्या खाली आणायचं ठरलं आहे, चालणं संध्याकाळी हलवलं आहे. दिवस राहिल्याचं कळलं की त्याच दिवसापासून थायरॉइडच्या दोन गोळ्या आठवड्याला जादा सुरू करायच्या आणि मला फोन करायचा, हे नवऱ्याने मोबाइलमध्ये टिपून घेतलं.